पडद्यावर नको तिथं फुटलेल्या वाहिन्या

आई, तू जाऊन अकरा वर्षं झाली. मी आता खंडाळ्याजवळ एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत असते. उंदराच्या डोळ्यातल्या पडद्याचा टिकलीएवढा तुकडा जेलीसारख्या द्रवात जिवंत ठेवायचा आणि त्यातून नव्या बारीक रक्तवाहिन्या कशा उगवतात ते रोज सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, हे माझं काम. साखरेच्या आजारानं तुझ्या डोळ्यात अशाच वाहिन्या नको तिथं वाढल्या आणि फुटल्या. त्यांना रोखणारं औषध आम्ही सहा वर्षं शोधत होतो.

सांगलीच्या हळदीच्या गोदामातली ती दुपार मला अजून दिसते. मी कॉलेजातून तुला न्यायला आलेय. तू बायकांत बसून हळकुंडं एकीकडं, गड्डे एकीकडं करतेयस. इतक्या वर्षांत तुझा ढीग कधी चुकला नव्हता. दिवाणजी येऊन म्हणतात, "मावशी, आज समदं एकत्र केलंय की वो." तू नुसती हसतेस. रस्त्यावर आल्यावर माझं मनगट घट्ट धरतेस. "डोळ्याम्होरं जाळं आल्यागत हुतंय गं. दिवाणजीला न्हाई बोलले."

डॉक्टरांनी लेझर करायचं ठरवलं. महिन्यानं परत गेलो तेव्हा एका डोळ्यात रक्त उतरलं होतं. पुढं दुसराही गेला. तरी तू स्वयंपाक सोडला नाहीस. एकदा आमटीत दोनदा मीठ पडलं आणि मी खेकसले, "राहू दे गं, मी करते!" त्यानंतर तू चुलीपाशी आलीच नाहीस.

परवा शेवटचा प्रयोग झाला. औषधानं नव्या वाहिन्या थांबल्या, पण शेजारच्या चांगल्याही सुकल्या. साहेब म्हणाले, "मॅडम, बंद करू आता. यातून काही निघत नाही." मी सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला. तुकडे टाकून दिले, टेबल पुसलं. आईसाठी मी हे काम धरलं, असं इथं सगळे समजतात. मी मान हलवते.

हे कुठंच पोचणार नाही, म्हणून लिहिते. लेझर ठरलं त्या दिवशी डॉक्टरांनी मला आत बोलावून बजावलं होतं, आठ दिवसांत आणा. तू बाहेर बाकावर होतीस. "कवा या म्हणालं गं? तुझी परीक्षा हाय न्हवं?"

मी म्हणाले, "घाई न्हाई. म्हैन्यानं या म्हणालेत."