तिसरी ओळ

आई,

काल तुझा खेळ शेवटापर्यंत गेला. बटणं तुझ्या नातीने दाबली. मी शेजारी खुर्ची ओढून तुझी वही मांडीवर घेऊन बसले होते आणि वाचून सांगत होते, वडापासून वर चौदा पावलं, मग डावीकडे, मग डोंगराला वळसा. वही अजून आहे. शंभर पानी, पुठ्ठा निघालेली, मागच्या पानांवर माझी दहावीची गणितं. आजीचा नकाशा एका पावलानेही चुकत कसा नाही, याचं नातीला नवल वाटत होतं. मी म्हटलं, तुझी आजी मोटारीच्या वाइंडिंगला होती, तांब्याच्या तारेचे वेढे मोजण्यात तिचं आयुष्य गेलं, तिचा वेढा चुकला असता तर मोटार जळाली असती. ती हसली. तुझ्याबद्दल असं काहीबाही सांगून मी तिला हसवत असते. बाकीचं तिला अजून सांगितलेलं नाही. ते तुलाच सांगायचं आहे, आणि सरळ सांगायला जीभ रेटत नाही, म्हणून खेळापासून सुरुवात करते.

मी दहावीत गेले त्या वर्षी तुमच्या नागापूरच्या कारखान्यात वेढे घालायचं नवं मशीन आलं आणि ते बसवायला एक जपानी साहेब तीन आठवडे राहिला. मशीन चार बायांचं काम करणार होतं, त्यामुळे बाया त्याच्याकडे धड बघतही नव्हत्या. तार सारखी तुटत होती. साहेब पुस्तकात बघायचा, पाना घेऊन वाकायचा, तार पुन्हा तुटायची. शेवटी तू उठलीस, तारेखाली हलकेच बोट धरलंस आणि मान हलवलीस, ताण जास्त आहे. त्याने ताण कमी केला आणि तार तुटायची थांबली. बाया तुझ्यावर चिडल्या, आणि त्यांचं चुकलं नव्हतं, कारण पुढच्या दिवाळीपर्यंत त्यातल्या तिघी घरी बसल्या. तू मशीनवर राहिलीस. हे तुला शेवटपर्यंत टोचत होतं, मला माहीत आहे. जाताना साहेबाने सगळ्यांना पेनं वाटली आणि तुला, घरी कोण कोण आहे ते विचारून, एक पिवळी कॅसेट दिली. मॅनेजरने त्याचं बोलणं तुला मराठीत सांगितलं. खेळ तिकडे नुकताच आलाय. त्याच्या पोराने रागाने टाकून दिला, कारण आधीच्या भागात लढाया होत्या आणि ह्यात नुसतं चालायचं आणि भेटेल त्याच्याशी बोलायचं. तिकडे म्हणे ह्या खेळावरून माणसांचे दोन तट पडले होते. तू हे घरी येऊन सांगितलंस तेव्हा मला हसू आलं होतं.

टीव्ही गेम आपल्याकडे आधीच होता. मी नववी पास झाले म्हणून मामाने शेवगावहून येताना नगरच्या बाजारातून आणलेला. कॅसेट त्यात बसली. मी आणि शेजारची पोरं दहा मिनिटं खेळलो असू. सगळी अक्षरं जपानी, एक माणूस काठी घेऊन चालतो, विहिरीवर एक म्हातारी उभी असते, तिच्याजवळ गेलं की खाली चौकटीत काहीतरी उमटतं. ह्यात मारायचं कुणाला, असं एका पोराने विचारलं आणि सगळी उठून गेली. तू तांदूळ निवडत बघत होतीस. दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीवरून आलीस, हातपाय धुतलेस, चहा ठेवलास, आणि निळ्या कोटातल्या तसबिरीखाली टीव्ही होता त्याच्यासमोर पाट घेऊन बसलीस. मला वाटलं, बातम्या लावणार.

त्यानंतर रोज चार ते साडेपाच. वाचता येत नव्हतं तर तू अक्षरं चित्रासारखी उतरवून घेतलीस आणि समोर स्वतःच अर्थ लिहिलास. हे घर झोपायचं. हा माणूस खोटं बोलतो. हे औषध. विहिरीवरच्या म्हातारीच्या चौकटीसमोर तू लिहिलंयस, जेवून जा म्हणते. कशावरून, असं मी विचारलं होतं. तू म्हणालीस, म्हातारी बाई वाटंवरच्या मानसाला दुसरं काय म्हननार. पहिल्या आठवड्यात तुझी एक चूक झाली. खेळ लावला की तीन ओळी येतात. पहिलीने कालच्या ठिकाणावरून पुढे जाता येतं, दुसरीने नव्याने सुरू होतं. तिसरी ओळ कशाची ते बघायला तू ती दाबलीस आणि आठवड्याचं सगळं पुसलं गेलं. तुला हळहळ वाटली, पण रागावली नाहीस. वही काढून तिसऱ्या ओळीची अक्षरं नीट उतरवून घेतलीस, पुढे काहीतरी लिहिलंस, आणि वडापासून पुन्हा चालायला लागलीस.

तू सातवीत शाळा सोडलीस. मामाला शिकवायचं म्हणून तुला कामाला लावलं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नसे. मामा मास्तर झाला, बाबा गेल्यावर आपल्याकडे महिन्यातून एका रविवारी येऊ लागला, आणि त्याचा शब्द घरात चालायचा. तो रविवार मला अजून दिसतो. मामा कॉटवर बसलाय, हातात चहाची बशी, तू पाटावर, पाठ त्याच्याकडे. तो म्हणतो आहे की पोरगी दहावीला, आणि आई टीव्हीपुढे बसून पोरांचा खेळ खेळते, शेवगावात पाहुण्यांच्या कानावर गेलंय. तू म्हणतेस, गेम कुनी आनला, तूच ना. मग तो चिडतो.

“अक्का, ह्यो खेळ तरी हाय का? ना मारामारी, ना शर्यत. आन् तुला त्यातलं एक अक्षर समजत न्हाई.”

“तुला वाचाया येतं, म्हनून न समजलेलं तुला सोसत न्हाई,” तू म्हणतेस. “मला सवय हाय.”

तू आवाज चढवत नाहीस, मागे वळूनही बघत नाहीस, काठीवाला माणूस चालतोच आहे.

“भांडी घासली का परत खरकटी. एक रीळ संपलं का दुसरं. ह्यात मी जितं थांबते तितंच दुसऱ्या दिवशी उभी आसते. माझं येवढं येकच काम हाय जे पुसलं जात न्हाई.”

मामाने बशी खाली ठेवली. मी आतल्या खोलीत भूमितीचं पुस्तक उघडून बसले होते आणि मला तुझी लाज वाटत होती. शाळेत एकीने मला विचारलं होतं, तुझी आई गेम खेळते का गं. मी नाही म्हणाले होते.

जानेवारीत पूर्वपरीक्षेचा निकाल लागला आणि मी गणितात नापास झाले. पेपर दप्तरात घालून नागापूरला घरी चालत आले, बसने आले नाही, तेवढाच वेळ जाईल म्हणून. दारात आले तेव्हा तू पाटावर होतीस. त्या दिवशी तू पहिल्यांदाच नदीपर्यंत पोचली होतीस. आठ महिन्यांनी. मी म्हटलं, आई. तू वळली नाहीस. हात मागे करून म्हणालीस, थांब, येवढी नदी बघू दे. तू रागावून म्हणाली नव्हतीस, उलट इतक्या आनंदात तुला मी बाबा गेल्यापासून पाहिलं नव्हतं. पण मी ते ‘थांब’ धरून बसले. निकाल तुला जेवताना सांगितला. तू पेपर बघितलास, माझ्या डोक्यावरून हात फिरवलास, उद्यापासून वेढे मोजल्यासारखं एक एक उदाहरण करू म्हणालीस. मला तोही हात नको होता.

दुसऱ्या दिवशी मला अभ्यासाची सुट्टी आणि तुला पहिली पाळी. सकाळी अकराच्या सुमाराला मी टीव्ही लावला आणि तिसरी ओळ दाबली.

तू चारला आलीस. हातपाय, चहा, पाट. पडद्यावर पहिली ओळ नव्हती. तू खूप वेळ बघत राहिलीस, चहाला साय धरली. मग तूच विचारलंस, लाइट गेल्ती का?

“व्हय,” मी म्हटलं. “दोनदा.”

“दोनदा व्हय,” तू म्हणालीस. “बरं.”

एवढंच. कॅसेट काढून फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवलीस. वहीची राहिलेली कोरी पानं मला दिलीस, गणितं सोडव म्हणून. आणि चार ते साडेपाच तू माझ्यासमोर बसू लागलीस, वही उलटीकडून उघडून, मी एकेक उदाहरण करतेय आणि तू बोटाने ओळी मोजतेयस. दहावीला मला फर्स्ट क्लास मिळाला. मामाने शेवगावहून पेढे आणले आणि म्हणाला, बघ, गेम बंद केला म्हणून. तू म्हणालीस, व्हय, तुझंच खरं. तू पुन्हा कधी खेळली नाहीस. त्या वेळेला मग तू काही दिवस शेंगा फोडायचीस, काही दिवस नुसती दारात बसायचीस.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना तू दवाखान्यात होतीस. दुपारची वेळ, मी मोसंबी सोलत होते. तू डोळे मिटूनच विचारलंस, “नदीपल्याड काय आसंल गं?” मी घाबरले. मला वाटलं तू मरणाचं बोलतेस. मी म्हटलं, आई, असलं काही बोलू नकोस. तू बरं म्हणालीस. संध्याकाळी घरी डबा करायला आले, पेटीतून तुझं लुगडं काढताना फडक्यात गुंडाळलेली कॅसेट हाताला लागली आणि मला खेळातली नदी आठवली. तू मरणाचं बोलत नव्हतीस. परत गेले तेव्हा तू शुद्धीवर नव्हतीस, आणि मग आलीच नाहीस. त्या दुपारी तुला सांगायचं होतं ते सगळं मी सांगू शकले असते, आणि मी तुला गप्प केलं.

इतक्या वर्षांनी नातीने तो खेळ कॉम्प्युटरवर शोधून काढला, कुणीतरी हौसेने इंग्रजीत केलेला. आपली कॅसेट मी दुरुस्तीवाल्याकडे नेली होती. त्याने उघडून आतला चपटा सेल दाखवला, म्हणाला, ह्याच्यावर सगळी आठवण राहते, हा मेला की गेलं, तुम्ही पुसलं नसतं तरी आतापर्यंत गेलंच असतं. त्याला वाटलं मला बरं वाटेल. नातीने लोकांची मतंही वाचून दाखवली. लोक अजून भांडतात, आई. रटाळ आहे म्हणतात. हा खेळच नव्हे म्हणतात. सगळ्यात राग त्यांना शेवटाचा, कारण इतकं चालून नदी ओलांडली की माणूस जिथून निघाला त्याच गावात येतो. फसवणूक म्हणतात त्याला. नातही म्हणाली, मम्मी, खरंच बोअर आहे गं. मग मी बोलले. मी तिला म्हटलं, ज्यांच्यासाठी दुसरं कुणी भांडी घासतं त्यांना हा खेळ रटाळ वाटणारच. दिवसभर राबून जी बाई त्याच दोन खोल्यांत परत येते, तिला त्याच गावात परत येण्यात काय फसवणूक वाटणार आहे? ह्या खेळात कुणी तिला घाई करत नव्हतं, काल सोडलेलं काल होतं तसं सापडत होतं. मी बरंच बोलले, आवाज चढवून. तुझ्या बाजूने मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले, तेही मामासमोर नाही, कॉलेजातल्या पोरीसमोर.

तर नदीपलीकडे तेच गाव आहे. वड तोच, विहीर तीच, म्हातारीही तीच. ती जेवून जा म्हणत नव्हती, तेवढं तुझं चुकलं. सुरुवातीला ती म्हणते, ह्या विहिरीचं पाणी खारट आहे. आणि शेवटी आपण नदीवरून परत आलो की म्हणते, पाणी आता गोड लागतंय, पिऊन बघ. नातीने वाचून दाखवलं तेव्हा मला उठून स्वयंपाकघरात जावं लागलं. तुझ्या वहीतलं मी खोडलेलं नाही. जेवून जा, असंच राहू दिलंय.

घरच्यांना मी ही गोष्ट नेहमी अशी सांगते, की जपानी कुणाला वाचता येत होतं, कुतूहलाने हात लावला आणि चुकीची ओळ दाबली गेली. सगळे हसतात. सांगून सांगून मलाही ती खरी वाटायला लागली होती. पण काल वही मांडीवर होती, आणि तिसऱ्या ओळीच्या अक्षरांपुढे तुझ्या हाताने लिहिलेलं आहे: पुसतो. हात लावू नये. दोनदा विचारतो, दोन्ही बारी न्हाई म्हनायचं.

म्हणजे मी ‘दोनदा’ म्हटलं तेव्हाच तुला कळलं होतं. लाइटचं कारण तूच माझ्या तोंडात घातलंस आणि वर माझी गणितं घेत बसलीस.

हा कागद ह्याच वहीत, त्याच पानात घालून ठेवते. दुसरीकडे कुठे पाठवणार. त्या सकाळी टीव्ही लावायच्या आधी मी तुझी वही वाचली होती, आई. खेळाने मला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी हो म्हटलं.