वॉशिंग मशीनचं चाक

७ सप्टेंबर

आणलं! नणंदेच्या अंगणात दोन वर्षं गंजत पडलेलं वॉशिंग मशीन छकड्यात घालून घरी आणलं. बा ओसरीवरूनच ओरडल्या — "घरात माणूस अंथरुणाला खिळलंय आणि हिला भंगार सुचतंय!" सासूशी वाद कोण घालणार. मोटर चालते. बास.

८ सप्टेंबर

गावचे मुखी आले होते. ह्यांच्या उशाशी बसले, लुळ्या उजव्या हाताकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "नवरात्र पंचवीस दिवसांवर आलं, वहू. माताजीचा गरबा ह्याच घरातून येतो. यंदा चुकला तर मान ओधवजी कुंभाराकडे. एकदा गेला की गेला."

अख्खं गाव ज्याच्याभोवती फेर धरतं तो दिव्याचा घडा! सात पिढ्या आमच्याच घरचा. झटक्याने ह्यांची वाचा गेली, पण कान शाबूत आहेत. भिंतीकडे तोंड फिरवलं, ते जेवायलाही वळले नाहीत.

घड्याला भोकं पाडणं, रंगवणं माझंच काम. पण घडा घडवायचा कोणी? आमच्या कुंभारांत बाई माती तुडवते, भट्टी लावते — चाकाला हात लावत नाही. लग्नघरच्या बायका वाजतगाजत येऊन त्याच चाकाला कुंकू लावतात, तेव्हाही मी लांब उभी. ह्यांचं चाक बांनी फडक्याखाली झाकून ठेवलंय.

ठीक आहे. मी चाक करतच नाहीये. मी मशीन करतेय!

११ सप्टेंबर

लखमण वायरमनला बोलावलं. रिक्षाच्या चाकाची बेअरिंग, जुन्या दाराची फळी गोल कापून वर तबकडी, मशीनचाच टब अर्धा कापून भोवती — पाणी उडू नये म्हणून. बटण दाबलं. मातीचा गोळा सुटला तो थेट भिंतीवर!

"भाभी, घडा करायचाय की तोफ?"

हसले. महिन्याभरात पहिल्यांदा. मग मोरीत जाऊन रडले.

१४ सप्टेंबर

पिठाच्या गिरणीतली मोठी पुली मिळाली. वेग उतरला. फिरतंय — अगदी ह्यांच्यासारखं! पंख्याचा रेग्युलेटर लावून बघितला, तो मात्र जळला. नसू दे.

१५ सप्टेंबर

अकरा घडे. अकराही कोसळून बसले.

१७ सप्टेंबर

चौदा वर्षं ह्यांचे हात बघतेय. डोळे मिटले तरी ती बोटं दिसतात. तसंच करते, अगदी तसंच. पण माती अंगावर येते. घडा गळ्यापाशी आला की पिळवटतो आणि मटकन खाली! मातीत खोट नाही, मशीनमध्ये नाही. म्हणजे माझ्यातच.

१८ सप्टेंबर

लखमणच्या मदतीने ह्यांची खाट अंगणात आणली. म्हटलं, बघा तरी, कुठे चुकतंय ते डाव्या हाताने दाखवा. ह्यांनी डोळे मिटून घेतले.

ओरडले मी. "मान तुमचा जातोय, माझा नाही!" शेजारच्यांनी ऐकलं असेल. मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं ह्यांच्या. लाज वाटते. नवऱ्याला, आजारी माणसाला, काय बोलले मी!

२० सप्टेंबर

आजही नाही.

२१ सप्टेंबर

सुकायला आठ दिवस, मग भट्टी, मग रंग. उद्या घडा उभा राहिला नाही तर संपलं.

बा आज बोलल्या. "मशीन म्हण नाहीतर आणखी काही. फिरतंय ना? मग ते चाकच. माताजीला काय कळत नाही?" खरंच हात लावला म्हणूनच होत असेल का हे? ओधवजींकडे निरोप धाडावा, मुखींनी सांगण्याआधी आपणच धाडावा, असं सारखं मनात येतंय.

२२ सप्टेंबर

दुपारी बा समोर येऊन बसल्या. त्यांच्या डोळ्यांदेखत आणखी एक घडा बसला. वाटलं, आता उद्धार होणार माझा. त्या म्हणाल्या, "उलटं फिरव."

"काय?"

"नवऱ्याच्या समोर बसून शिकलीस तू. हात आरशातले आहेत तुझे. चाक उलटं फिरव."

लखमणने दोन वायरींची अदलाबदल केली. माती वर आली. गळा आला. काठ आला. उभा राहिला!

"बा, तुम्हाला कसं कळलं?"

पदराला हात पुसत त्या उठल्या. "तुझा नवरा पाळण्यात होता तेव्हा तुझे सासरे दोन वर्षं छातीच्या दुखण्याने पडून होते. ते दोन गरबे काय आभाळातून पडले होते?"