विहिरीत तपासलेलं होडीचं यंत्र

अण्णा,

यंत्र बोललं! तुम्ही देवळात गेलात अन् मी ते दुरुस्तीला आलेलं शिडाच्या होडीवरचं, पाण्याची खोली सांगणारं जुनं यंत्र मळ्यात नेऊन त्याचं वायरीचं टोक विहिरीत सोडलं. आधी दोरीला दगड बांधून पाणी मोजलं, सहा परस भरलं. काटाही सहावर येऊन मोरावाणी थरारला.

पण त्यावर तर वाव लिहिलंय, म्हणून जैतापूरला, ती होडी चालवणाऱ्या हसनमियाँ तांडेलांना फोन लावला. ते हसले, “हात पसरले की वाव, उभा राहिला की परस. माणूस तोच ना, पोरी!” यंत्र चालतंय म्हटल्यावर होडीचा मालक आता नवा स्क्रीन आणत न्हाई. जुनंच राहणार.

कथिलाचा डाग मी मारला, खरंय. पण पेन्सिलीनं ठोकून, आवाजावरनं सुटलेला सांधा ओळखला तुम्ही. हात कापतो म्हणून दुकानाला कुलूप लावलंत. कानाला कुठं कंप हाय?

तांडेल म्हणतात, दुरुस्त करणाऱ्यानं पहिल्या फेरीला होडीत बसायचं. मी कळंब स्टँडवर जैतापूरची दोन तिकिटं काढायला गेलेय. भाकरी दुरडीत हाय. जेवून पिशवी भरा, गुडघ्याचं निमित्त सांगू नका.

समुद्र बघून आलो की दुकानाचं कुलूप तुम्हीच काढायचं. हात कापला तरी चालंल, मी घाई करणार न्हाई.

तुमची दैवशाला