कुंडलिकचं लाल हेल्मेट

९ जानेवारी १९९४, रविवार

डोळा अजून लाल. सगुणाने गुलाबपाणी घातलं. बायको असली म्हणून काय झालं — बाटलीवरची तारीख आधी वाचून घेतली.

आज गाडी पहिल्यांदा मोठ्या रस्त्यावर काढली. माजिवड्याच्या शेडमधून निघालो, घोडबंदरच्या बाजूला. मी चालवत होतो, कुंडलिक शेजारी. वर छप्पर नाही, पुढे काच म्हणून चार बोटांची पट्टी. काटा पन्नासच्या वर गेला आणि डोळ्यात किडा! दोन्ही डोळे आपोआप मिटले. कुंडलिकने स्टिअरिंग ओढलं नसतं तर टँकरखाली गेलो होतो.

दोन वर्षं खपलोय या गाडीवर. कुणीतरी अर्धवट सोडलेला संच — सांगाडा, फायबरची बॉडी, खोकंभर सुटे भाग, नकाशांची वही. बॉडी माझ्याकडे. मी मूळचा लाकडी होड्या बांधणारा, चार वर्षांपूर्वी फायबरवर आलो. इंजिन जुन्या फियाटचं, ते कुंडलिकने बसवलं. तो मोहन्याला कारखान्यात फिटर. वीस वर्षांची दोस्ती.

सव्वीस तारखेला खडवलीला जायचं, त्याच्या आईला गाडी दाखवायला. त्याआधी दोन हेल्मेट हवीत म्हणाला. निवड मी करायची, कारण माझ्यासारखा संशयी माणूस ठाण्यात दुसरा नाही. — हे कौतुक होतं की टोमणा?

११ जानेवारी

स्टेशनजवळची तीन दुकानं झाली. तिन्ही चोर.

होडीचा तळ तपासतात तसं मी रुपयाच्या नाण्याने वाजवून बघतो. फायबर नीट बसलेलं असेल तर टण्ण वाजतं. आत पोकळी राहिली असेल तर भद्द. पहिल्या दुकानात सहा वाजवली, चार भद्द. दुकानदार म्हणाला, "शेठ, नारळ घ्यायला आलात की हेल्मेट?" गिऱ्हाइकं हसली. हसोत. डोकं माझं फुटणार आहे, त्यांचं नाही.

तिसऱ्या दुकानात गल्ल्याखाली आयएसआयच्या चिकटपट्ट्यांचं अख्खं भेंडोळं दिसलं. म्हणजे छाप दुकानातच बसतो! तसाच बाहेर पडलो.

१२ जानेवारी

सगुणा म्हणते, गाडीत बसून हेल्मेट घालणारा माणूस तिने आयुष्यात पाहिला नाही. छत्री पण न्या म्हणाली.

१६ जानेवारी, रविवार

कल्याणला कुंडलिक बरोबर आला. मला माझं मिळालं — काळं, जड, आतल्या बाजूने फायबरच्या चटईचे धागे स्पष्ट दिसतात. टण्ण वाजलं. त्याला तोंड नाही, समोरून उघडं, पण वर पारदर्शक काच आहे. किड्यापुरतं बास.

कुंडलिकचं डोकं मोठं. फायबरचं एकही बसेना. शेवटी एक लाल प्लास्टिकचं बसलं. मी वाजवलं — ना टण्ण ना भद्द, नुसतं टक. मला आवडलं नाही. तो डोक्यावरून काढेचना. मान हलवून दाखवली, हनुवटीचा पट्टा ओढून दाखवला. "परशा, डोक्याला नीट बसतं ते खरं. बाकी तुझं गाणं-बजावणं तुझ्या होडीला."

पण मागच्या बाजूला एवढा मोठा स्टिकर कशाला? तळहाताएवढा, पिवळा. पाठीमागचं कोण वाचतं? मोठा स्टिकर लावतात तिथे काहीतरी झाकायचं असतं. दुकानदार हसला, कंपनीचा आहे म्हणाला. तो हसला तेव्हाच मी काय ते समजलो. कुंडलिकने तरी घेतलं. हेल्मेट दोन्ही शेडमध्ये माझ्याकडे ठेवलीत.

१७ जानेवारी

राहवलं नाही. स्टिकर काढला. नखाने निघेना म्हणून ॲसिटोनचा बोळा दाबून धरला, मग घासला. शेडमधलं सगळं मी ॲसिटोननेच पुसतो — साचे, ब्रश, हात. फडक्याला लाल रंग आला. बघा! रंगसुद्धा कच्चा! खाली मात्र काही निघालं नाही, चीर नाही, भोक नाही. पृष्ठभाग जरा चिकट लागला, वाळल्यावर बरा झाला. तरी परत एकदा सगळीकडून घासून पुसलं. कुंडलिकला सांगितलं नाही. उगाच चिडवत बसला असता.

२० जानेवारी

लाल हेल्मेटला चिरा!

मागच्या बाजूला, केसासारख्या बारीक, सात-आठ. सोमवारी मी स्वतः भिंग लावून बघितलेलं, एकही नव्हती. मंगळवार-बुधवार मी भिवंडीला टाकी बसवायला गेलेलो. शेडची दुसरी किल्ली एकट्या कुंडलिककडे. बुधवारी तो येऊन सायलेन्सर बसवून गेलाय.

पाडलं असणार. पडलं तर पडलं, माणसाच्या हातून पडतं. पण परत फळीवर ठेवून गप्प बसायचं? हेल्मेट एकदा आपटलं की गेलं, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

संध्याकाळी फोन केला, त्याच्या शेजारच्यांकडे. म्हणाला हातसुद्धा लावला नाही. एवढ्या चटकन? आधी 'काय झालं' विचारायला नको?

२१ जानेवारी

हेल्मेट पाडल्याचं लपवणारा आणखी काय लपवत असेल? त्याने आवळलेला एकेक नट तपासला. ब्रेक, स्टिअरिंग, चारही चाकं. सगळे घट्ट. म्हणजे सावध झालाय!

सगुणा म्हणाली, "तुमी ताक पण फुकून पिता, ते ठीक. पण दूध कुंडलिकभावजींनी कधी दिलं तुमाला तोंड पोळणारं?" तिचा राग आला.

२३ जानेवारी, रविवार

बोलून मोकळा झालो. बरं झालं.

तो आला, मी हेल्मेट पुढे ठेवलं. कबूल कर म्हटलं, मी रागावणार नाही. त्याने चिरांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "वीस वर्षांत माझ्याबद्दल एवढंच कळलं तुला?" मी म्हटलं, किल्ली दोनच जणांकडे आहे. मी काय स्वतः फोडलं?

त्याने हेल्मेट काखेत मारलं. सव्वीसला आई वाट बघणार, मी एकटा जाईन म्हणाला. हेच घालून जाईन. मी म्हटलं, दुसरं घे. तो म्हणाला, ज्याने फोडलं त्याने दुसरं घ्यायचं असतं. गाडी घेऊन गेला.

शेड रिकामी. माझं काळं हेल्मेट तेवढं फळीवर.

२६ जानेवारी

गेलो नाही. दिवसभर होडीचा साचा घासला. कुंडलिकचा फोन नाही. करू दे नाटकं.

२७ जानेवारी

काल पडघ्याच्या पुढे, शेजारून जाणाऱ्या ट्रकच्या चाकातून कुंडलिकवर दगड उडाला. हेल्मेटवर मागून-कडेने बसला. नारळाची होतात तशी दोन भकलं झाली. डोक्याला अकरा टाके. गाडी नाल्याच्या कडेला थांबली, कुणीतरी त्याला कल्याणला आणलं.

मला आज दुपारी कळलं. शेड उघडीच टाकून घरी आलो.

२८ जानेवारी

कल्याणला जाऊन आलो. केशरबाई, त्याची आई, उशाशी बसलेली. सव्वीसला सकाळपासून अंगणात खुर्ची टाकून बसली होती म्हणे. जयभीम केला, तिने मान हलवली. डॉक्टर म्हणतात धोका टळला. डावा कान मात्र सांगता येत नाही.

मला वाटलं बोलणार नाही. पण त्यानेच हाताने जवळ बोलावलं. आवाज पार खोल गेलेला. "माझ्याच हातून पडलं असेल, परशा. सायलेन्सर बसवताना. आता सोड तो विषय." मग डोळे मिटले. माझा हात सोडला नाही.

शेवटी कबूल झाला! तेव्हाच सांगितलं असतं तर हे अकरा टाके पडले नसते. पण मी मनात काही ठेवलं नाही. माफ केलं. परत येताना किती दिवसांनी हलकं वाटलं.

३ फेब्रुवारी

सगुणाच्या रेडिओला माझ्या हाताचं फायबरचं चिकट रेझिन लागलं होतं. सोमवारी ॲसिटोनने पुसून दिला. घरातली वस्तू पहिल्यांदाच पुसली — शेडमध्ये प्लास्टिकचं काही नसतंच. फडक्याला पांढरा रंग आला, पृष्ठभाग चिकट झाला. तेव्हाही डोक्यात प्रकाश पडला नाही.

आज सकाळी तिने रेडिओ माझ्यापुढे आणून ठेवला. जिथे पुसला तिथेच, केसासारख्या बारीक. मी मोजल्या. नऊ.

कुंडलिकने काही पाडलं नव्हतं. मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलला.

रेडिओ पिशवीत घातलाय. त्याच्याकडे निघालो.