खुर्चीसाठी प्रार्थना

नाना, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली, पण पिंपळनेरच्या आपल्या चर्चमध्ये रविवारी मी अजून तुमचीच वही उघडतो. पाळक म्हणून प्रार्थनेची यादी तुम्ही तिच्यात लिहायचात. तलाठी, फौजदार, तहसीलदार, राज्य चालवणारे, यांची नुसती पदं. नावं फक्त आजाऱ्यांची आणि बाळंतिणींची. ती निवडणूक तुम्हाला आठवत असेल. मी कॉलेजातून सुटीवर आलो होतो, यादी वाचायचं काम पहिल्यांदाच माझ्याकडे दिलं होतं, आणि ज्याच्या जीपमधून दोन दिवस प्रचाराला हिंडलो त्या उमेदवाराचं नाव मी मध्येच घातलं. शाळेतल्या कवितांपायी मला काहीही चालीवर वाचायची खोड; नाव कसं झोकात बसलं होतं. चर्चमध्ये तुम्ही पुढचं गीत सुरू केलंत. घरी आई कळण्याची भाकरी थापतेय, मी ताटावर बसतोय, आणि तुम्ही हळूच म्हणता, "ते नाव काढी टाक. आपन खुर्चीसाठे मांगतस, माणूससाठे नही. उद्या तो पडना, ते देव पडना का?" आई म्हणते, "तेले जेऊ द्या पहिले."

मला तेव्हा तुमचं बोलणं खेडवळ वाटलं होतं. बाजारात किराणावाले शेठ तुम्हाला हटकायचे, "काय पाळकसाहेब, अमेरिकेहून काय हुकूम?" तुम्ही हसून म्हणायचात, "माझा देव तुमच्याच विहिरीचं पाणी पितो, शेठ." एवढं एक वाक्य खरं करण्यात तुमचा जन्म गेला, हे मला फार उशिरा कळलं.

गेल्या महिन्यात नवे पाळक एक कागद घेऊन आले. वयाने माझ्या नातवाएवढे, स्वभावाने गुणी. मागे अमेरिकेतल्या एका मोठ्या चर्चचे पुढारी इथे आले होते, आपल्या सतरंजीवर मांडी घालून बसले होते, चर्चच्या पंचांमधल्या सगळ्यात म्हाताऱ्या अक्काच्या हातचं भरीत खाऊन डोळे पुसत होते. तेच आता तिकडच्या एका नेत्याच्या प्रचारसभेत उभे राहतात, त्याच्या डोक्यावर हात ठेवतात आणि सांगतात, देवाने हाच माणूस निवडलाय. प्रार्थना त्यांनीच पाठवलेली, नेत्याच्या नावासकट. पाळकांनी तिचं मराठी केलं होतं, आणि छान केलं होतं. "आबा, नुसतं वाचायचंय," ते म्हणाले. "त्यांचं मन कशाला मोडायचं?" अक्का म्हणाली, "त्या नेताले आपली पाणीनी टाकी माहीत शे का? तीन दिन व्हई गयात, नळले पाणी नही. पहिले पाणीसाठे मांगा." सगळे हसले, पाळकही हसले. कागद मात्र माझ्या हातातच राहिला.

मी ठरवलं होतं नाना, नावाशी आलो की 'तिथले अधिकारी' म्हणायचं आणि पुढे जायचं. आठवडाभर पुटपुटून सरावही केला. रविवारी तुमची वही मांडीवर होती. आणि तरी मी नाव वाचलं.

पाळकांनी मोबाईलवर घेतलेला व्हिडिओ सोमवारपर्यंत बाजारात पोचला. त्याच दुकानात आता शेठचा नातू बसतो. शेंगदाणे तोलता तोलता म्हणाला, "काय आबा, तुमचा निवडून येतो का?" तुमचं विहिरीचं वाक्य माझ्या अगदी ओठांवर होतं. पण कोणत्या तोंडाने बोलणार होतो? पिशवी घेतली आणि घरी आलो.

हे पत्र तुमच्या वहीतच ठेवतोय. दुसरं कुठे पाठवणार? अक्काला मी सांगितलं, दमलोय, या वयात वाद नको वाटतात. तेही खोटं नाही. पण तुम्हाला खरं सांगतो. ओळ लयीत होती, ते नाव नेमकं तिच्या टोकाला येत होतं, आणि वगळलं असतं तर ओळ मोडली असती. मी ते मोठ्याने वाचलं, आणि बाहेर चपला घालताना कुणीतरी म्हणालं, "आबा, आज आवाज काय लागला." मला बरं वाटलं.