वीस टोपणं

१३ सप्टेंबर २०१७, पुसद

एकतीस टेस्ट, एकतीसही लाल, म्हणजे नापास. डोकं फिरलंय! अंकुर सरांच्या प्रोग्राममधून शेतकऱ्यांच्या मोबाईलवर मेसेज जाणार — कोणत्या अळीला कोणतं औषध, फवारणीच्या एका पंपात बाटलीची किती टोपणं भरून टाकायचं. प्रोग्राम बरोबर सांगतो का, हे आपोआप तपासणाऱ्या टेस्ट मी लिहायच्या. शिकवणार कोण? सर म्हणतात, "व्हिडिओ पाय ना, दीपमाला. सब हाय त्यात." व्हिडिओतला माणूस बेरीज-वजाबाकी तपासतो. मला कपाशी तपासायची आहे.

१५ सप्टेंबर

सर सकाळपासून मानगुटीवर. "सोमवारी मेसेज सोडाचे हायत. आज हिरवं नाही झालं, त तुहं काम काय इथं?"

टेस्टमध्ये बरोबर उत्तर आधी आपण लिहायचं असतं. ते मला कुठून माहीत? शेवटी प्रोग्राम चालवला, त्यानं जो आकडा दिला तोच बरोबर म्हणून लिहून टाकला. सगळ्या हिरव्या! ज्याची परीक्षा त्यानंच पेपर तपासला, मग नापास कोण होणार? सर खूश — "पाय, जमते तुले." लाज वाटली. पण नोकरी टिकली.

१७ सप्टेंबर

बाबांचा फोन. यंदा अळीमुळे फवारणीच्या मजुरीला खाडा नाही. "सदाशिवराव मालकाले सांगतलं, माह्या पोरीच्या हापिसातून मेसेज येईन म्हून." मी जेवणाचा विषय काढला.

१९ सप्टेंबर

ऑफिसखालच्या कृषी केंद्रात जाऊन औषधाची बाटली वाचली. हे आधी करायला काय झालं होतं? एकराला वीस टोपणं, दहा पंपांत वाटून. म्हणजे पंपाला दोन. आमचा प्रोग्राम एकाच पंपात वीस टाकायला सांगतो!

वर आले, टेस्टमध्ये वीसचे दोन केले. लाल. सरांना दाखवलं. त्यांनी पाठवलेल्या मेसेजची यादी उघडली. मग म्हणाले, "कालच गेले न मेसेज." लगेच दुरुस्तीचा मेसेज सोडला. बाबांना सहा वेळा फोन लावला. फवारताना ते मोबाईल घरीच ठेवतात. प्रोग्रामला किती शिव्या घालू? आकडा तर मीच उतरवला.

२० सप्टेंबर, यवतमाळ

बाबा दवाखान्यात. अंधुक दिसतंय, उलट्या थांबत नाहीत. डॉक्टरांनी विचारलं, औषध किती टाकलं होतं? बाबा म्हणाले, "बराबरच होतं, साहेब. मालक भेत होता. मीच म्हनलं, टाका, माह्या पोरीनं तपासलं हाय."