उजवी बाजू नसलेला कीबोर्ड

३ मार्च, सकाळ
आजपासून आयुष्याला वळण. तराज शहरातल्या नोटरी रौशनबाईंना कझाक टायपिस्ट हवाय. परीक्षा १८ तारखेला. कुलाशताईने माझ्यासाठी शब्द टाकलाय. ऑक्टोबरपासून मी तिच्या सोफ्यावर आहे. ती म्हणाली, नोकरी मिळाली तर राहा, नाहीतर तुझं तू बघ. बोलायची पद्धत आहे तिची. मी मनावर घेत नाही.

४ मार्च
बाईंकडचे कीबोर्ड जुनाट. हवा तर स्वतःचा आणा म्हणाल्या. आणला. छोटा, देखणा, झोळीत मावणारा. उजवीकडचा आकड्यांचा चौकोन मुळातच नाही. दुकानदार येर्मुरात म्हणाला, "भाऊ, कझाक लिहायचं तर हा नको. वरच्या आकड्यांच्या ओळीत आपली अक्षरं बसवलीत. आकडे काय बोंबलून सांगणार?" मोठा कीबोर्ड गळ्यात मारायचा डाव. मी ओळखला.
रोज दोन तास सराव. नक्की.

७ मार्च
सराव नाही. कळा उपटून धुतल्या, खिडकीत वाळत घातल्यात. स्वच्छ हत्यार हवं.

१२ मार्च
सराव! अरल समुद्राकडे भटकलो होतो त्याचं वर्णन टाइप केलं. वेग भन्नाट. एकदाही आकडा लागला नाही, कारण तारखा आठवत नाहीत. मग वाट आठवायला नकाशा उघडला. संध्याकाळ झाली.

१६ मार्च
ताईने आकड्यांचं विचारलं. मी म्हणालो, भाषा बदलली की वरच्या ओळीत आकडे येतात, त्यात काय. ती औषधाच्या दुकानात गल्ल्यावर बसते. तिला जगात आकडेच दिसतात.

१८ मार्च, दुपार
दगा.
घरविक्रीचा करार दिला. वीस मिनिटं. जन्मतारखा, घर नंबर, चौरस मीटर, प्रत्येकाच्या ओळखपत्राचे बारा आकडे. हा करार आहे की टेलिफोन डिरेक्टरी? दर आकड्याला भाषा बदलायची, परत यायचं. चौथ्या ओळीला बदलायचं विसरलो, घर नंबरच्या जागी अक्षरं. मग बदलली, तर परत यायचं विसरलो. विकणाऱ्या म्हाताऱ्याच्या नावात तीन आकडे घुसले.
बाईंनी कागद चष्म्याजवळ नेला. म्हणाल्या, "हे आजोबा आहेत की मोटारीची पाटी?"
ताई बाहेर थांबली होती. बाईंनी तिला बोलावून म्हटलं, निदान आकडे तरी नीट करून दे. ती त्या जुनाट कीबोर्डवर बसली. उजव्या हाताने आकडे, न बघता, पाऊस पडावा तसे. मग अक्षरंही, हळू, पण बिनचूक. मी पाणी प्यायला गेलो. परत आलो तर बाई तिला पगार सांगत होत्या.
सख्खी बहीण!

१९ मार्च
येर्मुरातकडे कीबोर्ड परत करायला गेलो. घेतला नाही. म्हणाला, कळा धुतलेल्या दिसतात. म्हणजे तोही सामील.

२० मार्च, सकाळी आठ
ताईचा कामाचा पहिला दिवस. मी मोठ्या मनाने अभिनंदन केलं. सोफ्याचा विषय मी काढला नाही, तिनेही नाही. म्हणजे मिटलं. ती म्हणाली, "सांझार, चहा घे."
आमच्यात प्याल्यात घोटभरच ओततात, माणूस बसावा, पुन्हा मागावा म्हणून. काठोकाठ भरला की समजायचं, पाहुण्याने आता उठावं.
ताईने आज काठोकाठ भरला. नव्या नोकरीच्या गडबडीत हात चुकला असेल.